तुळेतली पहिली ढेप

सुकन्याच्या मापपट्टीवर साठ इंच होते. शिवणकाम करणाऱ्या सगळ्यांच्याच पट्टीवर तेवढे असतात. स्वतःचं माप घेताना ती पट्टी पाठीमागून फिरवून पुढं आणायची, आणि पट्टीची दोन टोकं एकमेकांना भेटायची नाहीत. मग जिथं पट्टी संपली तिथं खडूची रेघ मारायची आणि रेघेपासून पुन्हा मोजायला सुरुवात करायची. ही रीत तिची तिनंच काढली होती. "माझ्यासाठी कंपनीनं वेगळी पट्टी काढली पायजे," असं ती म्हणायची आणि हसायची. आपल्याआधी दुसरं कुणी हसू नये, इतक्या घाईनं हसायची.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, तिची आई केराबाई आणि धाकटा भाऊ बिरप्पा राहत. माणसं मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणारी. वडील गेले, मेंढरं चुलत्याच्या कळपात मिसळली आणि ही तिघं शहरात आली. बिरप्पा टेम्पो चालवतो. शाळेच्या गणवेशांचे कापलेले तुकडे कारखान्यातून घरोघरी पोचवायचे आणि शिवून झाले की परत न्यायचे, हे त्याचं काम. सुकन्याकडं शर्टांच्या कॉलरी येत. खिडकीशी तिचं मशीन. पाय चालेनासे झाले तेव्हा त्याला मोटर बसवून घेतली. तिच्या कॉलरीची दोन्ही टोकं इतकी सारखी असत की कारखान्याच्या मालकीणबाई म्हणायच्या, "सोलापुरातल्या निम्म्या पोरांच्या माना सुकन्यानं ताठ केल्यात."

त्याच बाईंनी एकदा निरोप धाडला होता. कटिंगचे मास्तर गावी निघालेत, त्यांची जागा तू घे. "हात तुझाच पाहिजे. पण टेबलाशी उभं राहावं लागतं गं. दिवसभर."

कटिंगचं टेबल सुकन्यानं एकदाच पाहिलं होतं, जिना उतरता येत होता तेव्हा. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबल, त्यावर पांढऱ्या कापडाचे थर, कडा इतक्या जुळलेल्या की सगळं मिळून एकच जाड कापड वाटावं. तिथं हातात कटिंगचं मशीन घेऊन उभं राहायचं. लग्न, गावाला जाणं, फिरणं, यातलं काही ती मागत नव्हती. तिला उभं राहायचं होतं.

गुडघे गेले होते. साखर होती. झोपेत श्वास अडायचा. केराबाई शेजारी तिच्या छातीवर हात ठेवून झोपायची आणि छाती हलेनाशी झाली की तिला गदागदा हलवायची, "सुके, श्वास घे गं." खाली जायचं ते फक्त दवाखान्यासाठी, एका बाजूला बिरप्पा, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि मधल्या वळणावर खालच्या कमलम्मांनी आणून ठेवलेली खुर्ची.

वजन दीडशेच्या पुढं गेलं तेव्हा ट्रस्टच्या दवाखान्यातल्या सर्जन मॅडम साध्या शब्दांत बोलल्या. "पथ्य झालं, गोळ्या झाल्या. असंच राहिलं तर हृदय फार वर्षं ओढणार नाही. ऑपरेशन केलं तर संधी आहे."

त्यांनी कागदावर पोट काढलं. "एक म्हणजे पोटात फुगा ठेवतात. पण तो काही महिन्यांनी काढावा लागतो, आणि तुमच्या वजनाला त्याचा उपयोग थोडा. दुसरं, पोटाचा मोठा भाग कापून टाकायचा आणि केळ्याएवढी नळी ठेवायची. याला स्लीव्ह म्हणतात, म्हणजे बाही. तिसरं बायपास. वर अंड्याएवढी पिशवी करायची आणि खालचं आतडं उचलून तिला जोडायचं. अन्न मधली वाट सोडून पुढं जातं."

सुकन्या वाकून बघत होती. "आमच्याकडं बाही जोडतात. तुमी कापून करताय."

मॅडम हसल्या. "साखरेसाठी बायपास जास्त चांगला. पण त्याला वेळ लागतो, आणि तुमच्या फुप्फुसांना तेवढी भूल झेपेल असं मला वाटत नाही. आपण स्लीव्ह करू."

"मग मी बारीक होणार?"

"बारीक नाही. कमी व्हाल. जास्तीच्या वजनातलं निम्मं तरी उतरतं बऱ्याच जणांचं. साखर खाली येते, श्वास सुधारतो. पण सगळ्यांचं सारखं होत नाही. काहींचं तीन-चार वर्षांनी परत चढतं. कातडी लोंबते. गोळ्या जन्मभर, आणि जेवण कायमचं वाटीभर."

"उभं राहता येईल?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "बहुतेक येईल."

त्या दिवशी जिना चढताना सुकन्या मधल्या खुर्चीवर बसली नाही.

मॅडमची एक अट होती. ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस फक्त पातळ. प्रोटीनची पावडर, ताक, वरणाचं पाणी. भाकरी, भात, गोड सगळं बंद. "तुमचं लिव्हर चरबीनं मोठं झालंय आणि ते पोटावर आडवं पडलंय. या दिवसांत ते आकसलं तरच मला पोटापर्यंत पोचता येईल." केराबाई बाहेर बाकावर बसली होती. बिरप्पानं तिला सांगितलं ते एवढंच, "आये, पंधरा दिस निस्तं पातळ द्यायचं."

तारीख ठरली आणि केराबाईच्या जिवाला वेगळाच घोर लागला. सुकन्या सातव्या महिन्यात झालेली, ओंजळीत मावेल एवढी. रडण्याइतकासुद्धा जोर नव्हता तिच्यात. तेव्हा केराबाईनं गावदेवीपुढं पदर पसरला होता, पोर जगू दे, तिच्या वजनाएवढ्या गुळाची तुळा करीन. पोर जगली. तुळा राहून गेली. आधी कळप लांब गेला, मग नवरा गेला, मग गावच सुटलं. सुकन्या अंगानं वाढत चालली तशी गावातली जुनी माणसं बोलायला लागली, देवीचं राहिलंय ते वाढतंय. केराबाईनं हे कुणाला उलट सांगितलं नाही. तिला ते पटलं होतं.

"आदी तुळा, मग आपरेशन," ती म्हणाली.

"आये, पथ्याचे दिवस हायत ते," सुकन्या म्हणाली.

"कापून कमी केल्यावर देवीला काय घालू? उरलंसुरलं? आज हाईस तेवढी तिची हाईस तू. तिला फसवून दवाखान्याची पायरी चढायची व्हय?"

बिरप्पा म्हणाला, "देवीला काय किलोचा हिशेब लागतोय?"

"तुला डिझेलचा लागतो न्हवं? मग तिलाच का नगं?"

 आई ऑपरेशनच्या दाराबाहेर शांत बसणार असेल तर हे करावं, असं सुकन्याला वाटलं. शिवाय तिलाही भीती वाटत होती, आणि ती भीती डॉक्टरांना विचारण्यासारखी नव्हती.

बिरप्पाच्या टेम्पोत गादी टाकून ते गावी गेले. काळ्या रानात ज्वारी पिकून उभी होती. लहान पोरांची तुळा झोळीत होते. सुकन्यासाठी देवळापुढच्या चिंचेला साखळीनं वासा टांगला होता, एका टोकाला बाज, दुसऱ्या टोकाला फळी. रीत सांगायला बजाबाई होती, गावातली सगळ्यांत म्हातारी.

"बस की गं दणकून. देवीचं झाड हाय, मोडत न्हाय."

"आनि मोडलं तर?"

"मोडलं तर फांदीबी देवीलाच."

बायका हसल्या. सुकन्या बाजेवर बसली. पहिली ढेप केराबाईनं स्वतःच्या हातानं ठेवली, लहानशी, पिवळ्या कागदातली. मग गड्यांनी मोठ्या ढेपा आणायला सुरुवात केली. फळी हलेना. आणखी आणल्या. तरी हलेना. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, गुऱ्हाळच उचलून आना रं!" हशा उसळला. त्यातही सगळ्यांच्या आधी, नेहमीसारखी, सुकन्याच हसली होती.

आणि मग बाज हलली.

तिचे पाय मातीवरून सुटले. फार नाही, चार बोटं. पण सुटले. मोठी झाल्यापासून तिला कुणी असं उचललं नव्हतं. वर चिंचेची पानं बारीक हलत होती. गुडघ्यांत काही नव्हतं. कमरेत काही नव्हतं. लोक हसायचे थांबले होते की तिलाच ऐकू येत नव्हतं, कोण जाणे. एका बाजूला गूळ, एका बाजूला ती, दोन्ही अधांतरी, दोन्ही सारखी. समोर केराबाई डोळ्यांना पदर लावून उभी होती.

खाली उतरल्यावर बजाबाईनं पिवळ्या कागदातली ढेप काढून सुकन्याच्या ओटीत घातली. "बाकीचा गूळ गावाचा. ही पहिली ढेप तुजी. वाटायची न्हाय, जनावराला घालायची न्हाय. आवसेच्या आत तुज्याच तोंडात संपली पायजे."

"मावशी, मला गोड बंद केलंय डॉक्टरनी."

"गोड कुटं हाय गं? परसाद हाय की."

सुकन्यानं आईकडं पाहिलं. केराबाईनं त्याचा आधीच विचार करून ठेवला होता. "पातळ चालतंय म्हनल्यात न्हवं? पाण्यात इरघळून देते की रोज."

तसंच झालं. रोज सकाळी केराबाई ढेपेचा तुकडा फोडायची, कोमट पाण्यात विरघळवायची, फडक्यातून गाळायची. सुकन्या पेला कपाळाला लावायची आणि डोळे मिटून प्यायची. त्यानंतर दिवसभर तिनं जे पथ्य पाळलं तसं आयुष्यात कधी पाळलं नव्हतं. आई भाकरी थापायला लागली की ती मशीन सुरू करायची, म्हणजे थापण्याचा आवाज ऐकू येऊ नये. कमलम्मांनी खालून डोशाची ताटली पाठवली, ती तशीच परत गेली. तेव्हा कमलम्मा विड्या वळायचं सूप घेऊनच वर आल्या, ते मांडीवर ठेवून बसल्या, आणि म्हणाल्या, "ए पिल्ला, एक घास खाल्लं तर डॉक्टरला कोण सांगणार?"

"माझं पोट सांगल, अम्मा."

भुकेल्या पोटीही कॉलरीचं टोक हललं नाही. तिला स्वतःचा अभिमान वाटत होता. त्या पेल्याचा विचारही तिच्या मनात आला नाही. ते खाणं नव्हतंच. अमावस्येच्या आदल्या दिवशी ढेप संपली, आणि केराबाईनं पिवळा कागद घडी घालून देवापुढं ठेवला.

भरती करताना सिस्टरनं विचारलं, "पथ्य पाळलं?"

"पाळलं."

"गोड वगैरे काही?"

"एक कण न्हाई, सिस्टर."

ती खोटं बोलत नव्हती. साखर जास्त निघाली. भीतीनंही वाढते म्हणत सिस्टरनं इन्सुलिन दिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं.

बिरप्पाला वाटलं होतं त्याच्या फार आधी दार उघडलं. मॅडम टोपी काढून बाहेर आल्या. केराबाई तेव्हा जिन्याखालच्या नळावर गेली होती.

"आम्ही थांबलो," मॅडम म्हणाल्या. "दुर्बीण घातली, पण लिव्हर उचलता येईना. लोण्यासारखं मऊ, हात लावला की फाटेल असं. जोर केला असता तर रक्त थांबवता आलं नसतं. पोटाला आम्ही हात लावलेला नाही."

"म्हंजे... काय केलंच न्हाय?"

"नाही. पथ्य पाळलं होतं ना त्यांनी?"

"पाळलं की मॅडम. म्या बघितलंय."

भुलीनंतर सुकन्याची छाती भरली. बरेच दिवस ती नाकातोंडावर मास्क लावून काचेपलीकडं पडून होती, आणि ऑपरेशन झालंच नाही हे आईला सांगायचा बिरप्पाला धीर झाला नव्हता. मास्क निघाला त्या दुपारी मॅडम एकट्याच येऊन तिच्याजवळ बसल्या.

"सुकन्या, मी रागावणार नाही. काय खाल्लं होतं?"

"काय न्हाई, मॅडम."

"आठवून सांगा."

ती आठवत राहिली. खरोखरच आठवत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. "देवीचा गूळ," ती म्हणाली.

"किती?"

"पाण्यातनं. रोज. ढेप हुती."

 मॅडमनी तिच्या पायावरची चादर उगाच सारखी केली. सुकन्यानं विचारलं, "परत करता येईल?"

"आत्ता नाही. भूल देणारे डॉक्टर तयार नाहीत. या वेळीच तुम्ही कशाबशा बाहेर आलात. वजन बरंच उतरलं, फुप्फुसं सुधारली, तर विचार करू."

"वजन उतरायलाच तर आलते मी."

मॅडम खिडकीकडं बघत म्हणाल्या, "हो."

संध्याकाळी बिरप्पा आला तेव्हा सुकन्यानं त्याचं मनगट धरलं. "त्या गुळानं ऑपरेशन झालंच न्हाय, हे आयेला सांगू नको."

"आक्का, असं कसं..."

"तिनं हातानं गाळून दिलाय रं तो गूळ. सांगितलंस तर ती ऱ्हायची न्हाय."

वॉर्डात आणल्यावर केराबाईनं पहिल्यांदा तिच्या पोटावरच्या बारीक बारीक पट्ट्या पाहिल्या. दुर्बिणीची भोकं. तिनं एकेका पट्टीवरून बोट फिरवलं, न टेकवता. "एवढ्याशा भोकातनं पोट काढलं व्हय गं? काय एकेक हुशार मानसं." मग हात जोडून म्हणाली, "तुळा केली म्हनून निभावलं."

"व्हय आये," सुकन्या म्हणाली.

घरी आल्यावर केराबाईनं तिच्यासाठी वेगळी वाटी काढली, पूर्वी देवापुढं दूध ठेवायची ती. त्या वाटीत भाकरी कुस्करून वरणात भिजवायची. "हळू खा. चिमटीएवढं पोट ठिवलंय तुजं." सुकन्या हळू खायची. वाटी संपायची आणि भूक जागच्या जागी असायची, पूर्वीइतकीच मोठी, पूर्वीच्याच पोटात. "आनखी थोडं दिऊ?" असं केराबाई कधी विचारायची नाही. डॉक्टरांनी वाटीभर सांगितलं होतं ना.

काही आठवडे वजन थोडं उतरलंही. सुकन्याला वाटलं, खोटं नेटानं पाळलं तर खरं होईल कदाचित. मग एकदा ती मशीनवरच चक्कर येऊन पडली, आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलरींच्या गठ्ठ्यात, कापलेल्या तुकड्यांच्या खाली, बिस्किटांचे पुडे यायला लागले. बिरप्पा गठ्ठा ठेवायचा आणि तिच्याकडं न बघता म्हणायचा, "आक्का, खालचं तुकडं आदी बघ." आई पाण्याला गेली की ती खायची. आधी दोन, मग अर्धा पुडा, मग पुडा. उतरलेलं सगळं परत आलं आणि त्याच्याबरोबर थोडं आणखी आलं. श्वासासाठी दवाखान्यानं मशीन सांगितलं होतं, रोज रात्री नाकाला लावायचं. ते आणणं काही झालं नाही. केराबाईचा हात पुन्हा छातीवर आला. "आपरेशन मुरायला येळ लागतो," ती स्वतःलाच सांगायची.

कारखान्यात नवे कटिंग मास्तर आले. मालकीणबाईंनी बिरप्पाकडं निरोप दिला की सुकन्यानं वाईट वाटून घेऊ नये, कॉलरी तिच्याकडंच राहतील.

एकदा जेवण वाढता वाढता केराबाई थांबली. तिची नजर सुकन्याच्या खांद्यावरून दंडाकडं, दंडावरून काखेकडं गेली. "सुके, ब्लाऊज अजून तसाच कसा गं बसतोय? कमलम्मा इचारत हुती."

"उतरतंय की हळूहळू, आये."

"तरीबी." केराबाई परत वाढायला लागली. पण दिवसभर ती देवापुढच्या पिवळ्या कागदाकडं पुन्हा पुन्हा बघत राहिली. तुळेत काही उणं राहिलं का, हे ती मनात उलगडून बघते आहे, हे सुकन्याला कळत होतं. हे असंच चाललं तर एक दिवस ती गुळापर्यंत पोचणार होती.

नळाला पाणी आलं त्या दुपारी केराबाई घागरी घेऊन खाली गेली. सुकन्यानं पेटीतून हिरवा ब्लाऊज काढला. स्वतःचे कपडे शिवताना ती शिवणीत भरपूर माया, आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवायची, वाढत्या अंगाला लागेल म्हणून. दोन्ही बगलांची शिवण तिनं उसवली, कापड कडेपर्यंत सोडलं, अगदी टोकावरून नवी टीप मारली. बाह्यांचंही तसंच. ब्लाऊज घातला. दंडाशी सैल झाला. पाठीवर चुणी पडली.

केराबाई घागर टेकवून वळली आणि बघत राहिली. मग पुढं येऊन तिनं दंडावरचं कापड चिमटीत धरलं. चिमटीत खरंच कापड आलं.

"बग! बग की कसा ढिला झालाय!" तिचा आवाज चिरकला. ती जिन्याकडं धावली. "कमलम्मा! वर या की, पोरीला बगा माज्या!"

कमलम्मा कठडा धरत वर आल्या. त्यांनीही कापड चिमटीत धरून पाहिलं. बगलेपाशी जुन्या टिपेच्या भोकांची ओळ अजून दिसत होती, आणि तिच्यापलीकडं कापडाचा एक पट्टा, कधी ऊन न लागलेला, गडद हिरवा. कमलम्मांचं बोट त्या ओळीवर थांबलं. त्यांनी सुकन्याच्या तोंडाकडं पाहिलं. सुकन्यानं मान खाली घातली.

"हो केराक्का," कमलम्मा म्हणाल्या. "कमी झाली पोरगी."

"पुढल्या महिन्यात अजून ढिला व्हतोय बगा," केराबाई म्हणाली आणि वाटी घासायला बसली.

सुकन्यानं मशीन सुरू केलं. नवा गठ्ठा सोडला, पहिली कॉलर सुईखाली धरली. अंगातला ब्लाऊज हलताना सैल वाजत होता. त्याच्या शिवणीत आता उसवायला काही उरलं नव्हतं.